नालीनं प्यालेलं पाणी

पवनीजवळच्या आमच्या गावानं मिळून वैनगंगेवर विजेची मोटार बसवली, त्याच वर्षी मी विधवा झाले. सासरे म्हणत, "वावर ठेक्यानं देऊन टाक. बाईच्या हातून उन्हाळी धान होते का?" मी म्हटलं, पाहाच तुम्ही!

पण वावर माझं पाण्याच्या नालीच्या पार शेवटाला. विजेचं बिल, मोटारीची दुरुस्ती, ती चालवणाऱ्याचा पगार, हे सारं एकत्र करून गावाची पाणी संस्था तासाचा दर ठरवायची. तास मोजायचे ते नदीवर मोटार सुरू झाल्यापासून. मातीची नाली ती! अर्धं पाणी तीच पिऊन टाकायची, आणि भुर्दंड मला. पुढच्या साली असंच राहिलं असतं तर वावर ठेक्यानंच द्यावं लागलं असतं.

दराच्या सभेत माझं डोकंच फिरलं. उठून म्हटलं, "इथं बसून काय हिशेब करता? चला पाण्यासोबत!" सारे खो खो हसले. हसता हसता का होईना, दुसऱ्या सकाळी आले मात्र.

मोटार सुरू झाली आणि आम्ही पाण्याच्या पुढच्या टोकासोबत काठाकाठानं निघालो. ते कसलं चालतंय! भेगेत शिरे, खेकड्याच्या बिळात शिरे, मध्येच रुसल्यासारखं थांबे. नदीकाठच्या वावरांत तर ते लगेच पोचलं. पुढं ऊन चढलं, मंडळी मोहाखाली टेकली, मी नेलेला चहा संपला, तरी माझी धानाची बांधी कोरडीच.

नदीलगतचं पहिलं वावर आमच्या घरशेजाऱ्याचं. घरामागच्या सांदवाडीतलं कुंपण कोणाच्या जागेत, या वादावरून त्याचं-माझं बोलणं बंद. हा आता माझ्या विरोधात बोलणार, असं धरूनच मी पदर खोचला होता. पाणी माझ्या बांधीत उतरलं तसा तो उठला. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "तिच्या बांधीत पानी आलं का तवा घड्याळ लावा. नाली साऱ्यायची आहे, त नालीनं पेलेलं पानीबी साऱ्यायचं."

कोणी म्हणालं, "अगा, मंग साऱ्यायचा दर वाढन ना! तुहाबी."

"वाढू दे."

मला भर उन्हात रडू आलं. दर वाढला, सगळ्यांनी कुरकुर करत का होईना तो भरला, आणि वावर माझ्याच हातात राहिलं. नवे तांदूळ घेऊन मी त्याच्या दारी गेले. म्हटलं, "भाऊजी, तुमचे उपकार…"

"तांदूळ ठेव," तो गुरकावला. "कुंपन मातर माहंच हाये."

ते भांडण त्यानं मरेपर्यंत सोडलं नाही, आणि माझ्या पाण्याचा वाटा भरणंही. तो गेला त्या साली मी गडी लावून कुंपण उपटलं आणि हातभर माझ्याकडे सरकवलं. जागा त्याचीच होती की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.