पुरेसे पाणी असलेली वस्ती

मी आकड्यांचं काम करते असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे जनगणनेत का? पूर्वी मी समजावून सांगायचे. आता हो म्हणते आणि मोकळी होते. आमची एक लहानशी संस्था आहे, द्वारकेच्या चौकाजवळ, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. शहराच्या कडेच्या वस्त्यांतून आम्ही माहिती गोळा करतो. पाणी आहे का, संडास आहे का, शाळा किती लांब, दवाखाना किती लांब. ती तक्त्यात भरायची आणि ज्यांच्या हातात खर्च करणं असतं त्यांच्यापुढे ठेवायची, म्हणजे ज्याची गरज जास्त त्याला आधी मिळेल. कल्पना चांगली आहे. इतकी वर्षं हेच केलं आणि अजूनही मला ती चांगलीच वाटते. फक्त सकाळी उठून तिच्यासाठी तयार व्हायचा कंटाळा येतो.

त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या तक्त्याला भाव आला. पाणीपुरवठा खात्याचे साहेब म्हणाले, नळाची लाइन तुमचा तक्ता सांगेल त्या क्रमाने टाकू. ऑफिसात पेढे आले. शुगर असून मीही एक खाल्ला. तोवर कुणाला आधी द्यायचं ते कुणाचा आवाज मोठा यावर ठरायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हा आपल्याकडचा जुना नियम. आता कुणाला रडावं लागणार नाही, नुसतं खरं सांगावं लागेल, असं मी एका बैठकीत उभी राहून बोलले. टाळ्याही पडल्या.

या तक्त्यात पेठ रोडच्या पलीकडची एक वस्ती अगदी तळाला गेली होती. पेठ-सुरगाण्याकडची माणसं आधी द्राक्षाच्या छाटणीपुरती खाली यायची आणि भात-नागलीला परत जायची. त्यातली काही बिल्डिंगच्या कामावर इकडेच राहिली, त्यांची ही वस्ती. पत्र्याची घरं आणि टँकरचं पाणी. तरी पाण्याच्या रकान्यात घरामागून घर ‘पुरेसे’. मला नवल वाटलं, नाही असं नाही. पण सर्व्हेच्या मुली गुणी होत्या, उन्हातान्हात दारोदार फिरून त्यांनी मोबाइलवर भरून आणलं होतं. मी तपासते ती बेरीज, आणि बेरीज बरोबर होती.

मग एक दिवस त्या वस्तीतली एक मुलगी ऑफिसात आली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेजच्या युनिफॉर्मवर स्वेटर घातलेला. जिना चढून आली ती दारातच उभी राहिली.

“मॅडम, आमच्या वस्तीत पाणी नाही असं लिहून पाहिजे.”

तिला आत बसवलं. हजेरी कमी पडली म्हणून तिला परीक्षेला बसू देत नव्हते. टँकर दिवसाआड यायचा, पण वेळेचा काही नेम नाही. सकाळी आला तर सकाळी, नाहीतर दुपारी चारला. घरात कुणीतरी थांबायलाच हवं. आई बिल्डिंगच्या कामावर जायची, तिने खाडा केला की मुकादम दुसरीला घ्यायचा. वडील दिंडोरीकडे बागेत, आठ-आठ दिवस तिकडेच. उरली ही.

“कॉलेजात सांगितलं तर म्हणाल्या, सगळ्याच काही ना काही कारण सांगतात, कुणाचं तरी लेखी आण. यंदा नाही बसले तर घरचे अजून एक वर्ष थांबतील का? लग्नच लावून टाकतील.”

मला खरं तर आनंदच झाला. याच्यासाठीच तर आपण बसलोय, असं वाटलं. मी लगेच तक्त्यात तिची वस्ती काढली आणि तशीच थांबले.

“तुमच्याकडे तर पाणी पुरेसं आहे,” मी म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच. तुझ्या आईनंच सांगितलं असेल.”

ती हसली. त्या हसण्याचा मला राग आला.

“मॅडम, घरी आलेल्या माणसाला आई सांगेल का पाणी नाही म्हणून?”

“मग आम्ही विचारतो कशाला?”

“ते तुम्हाला माहीत.”

पोरगी तोंडाची फटकळ होती. मला अशी माणसं आवडतात, पण समोरच्या खुर्चीवर बसलेली नव्हे. मी तिला येऊन बघते म्हटलं.

तिच्या आईची बांधकामाची साइट बंद होती त्या दिवशी मी वस्तीत गेले. रिक्षावाल्याने खडी टाकलेल्या रस्त्याच्या तोंडाशीच सोडलं, पुढे चढ. गुडघ्यांना शिव्या घालत तिच्या घरी पोचले. आई घरात होती, माझ्याहून लहानच, पण खांदे उतरलेले. दाराशी दोन हंडे, वर ताटली झाकलेली. मी बसले आणि एक शब्द बोलायच्या आधी तिने हंड्यात तांब्या घातला. तांब्या तळाला घासल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. काठोकाठ भरलेला पेला तिने माझ्या हातात दिला. चढून आले होते, मी घटाघटा प्याले. मग आमच्या फॉर्ममध्ये होता तसाच्या तसा प्रश्न विचारला: पिण्याचं पाणी पुरतं का?

“पुरतं की. अजून घ्या ना,” असं म्हणून तिने पेला परत भरला.

मागे तिची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

हे मला कळायला एवढी चढण का चढावी लागली, याचाच मला संताप आला. पाहुण्याच्या हातात पेला दिल्यावर पाणी नाही असं कोण म्हणेल? ते म्हणणं म्हणजे तू आत्ता प्यायलास ते आमच्या वाट्याचं होतं, असं सांगणं. माझी आई सटाण्याची. टंचाईत घरात घागरभर पाणी असायचं, तरी दारात कुणी आलं की ती म्हणायची, “पी भो, पानी भरपूर शे.” हे मी पोरवयापासून बघितलंय. पण आमचे फॉर्म पुण्याहून येतात. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी विचारलं, पुरेसे की अपुरे, आणि आम्हीही तेच विचारत फिरलो.

शेजारच्या घरी तेच झालं. आधी पाणी, मग प्रश्न, मग “भागतं ना, का नाय भागणार.” तिसऱ्या घरी माझं पोट इतकं भरलं होतं की मी पेल्यावर हात ठेवला. ती बाई हसली.

“का वं ताई, आमच्या घरचं चालत नाय का?”

हसली खरी, पण डोळे हसत नव्हते. पाणी नाकारण्याचा अर्थ आपल्याकडे काय होतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी हात काढला आणि प्याले.

तेव्हा सर्व्हेच्या मुलींना ‘पाणी न पिता विचारा’ असं सांगणं शक्यच नव्हतं. मी प्रश्न बदलले. पुरतं का, हे विचारायचंच नाही. काल पाणी कुणी भरलं? टँकर आला तेव्हा घरी कोण होतं? थांबायला लागलं म्हणून कुणाचं काय राहिलं? याची उत्तरं मात्र बायका भराभरा द्यायच्या, एकमेकींना चिडवत, हसत. हिची दवाखान्याची तारीख हुकली, तिचं पोरगं शाळेत गेलंच नाही, अमकीची सासू टँकरवाल्याशी भांडली. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. तीच घरं, त्याच बायका. तक्ता मात्र पार उलटा झाला. वस्ती तळातून थेट वर.

आमचे सर, संस्था त्यांचीच, भले माणूस आहेत. दोन्ही तक्ते समोर ठेवल्यावर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “ताकाला जाऊन भांडं का लपवतात हो हे लोक?”

“सर, ते ताकाला गेलेच नव्हते. आपण त्यांच्या दारात गेलो होतो.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर आणला. मग म्हणाले, एका वस्तीचे दोन तक्ते घेऊन गेलो तर बाकीच्या सगळ्यांवर पण शंका घेतील. तेही खरंच होतं. तरी आम्ही खात्यात गेलो. कुणी आवाज चढवला नाही, चहा मिळाला, साहेबांनी नीट ऐकून घेतलं. क्रम मंजूर झालाय, लाइनचं काम निघालंय, पुढच्या फेरीत बघू, म्हणाले. या ‘पुढच्या फेरीत’वर माझे केस पांढरे झाले आहेत.

लाइन गेली तर गेली. पण मुलीची परीक्षा तोंडावर आली होती, आणि आता तिच्या आड आमचाच तक्ता येत होता. सरांकडून पत्र घेऊन मी कॉलेजात गेले. प्राचार्यबाईंनी ते वाचलं आणि टेबलाच्या खणातून आमचा अहवाल काढला, मी येणार म्हटल्यावर नेटवरून छापून घेतलेला.

“हा तुमचाच ना? यात लिहिलंय पुरेसे. आणि पत्रात तुम्ही लिहिताय अपुरे.”

मी त्यांना सगळं सांगितलं, पेल्याचं, पाहुण्याचं. त्यांनी मान हलवली. माझ्या सासरीही असंच आहे, म्हणाल्या. “पण हजेरीच्या समितीपुढे मी पाहुणचार मांडू का? असं करा, पालकांना घेऊन या. त्यांनी माझ्यासमोर सांगावं, मी लिहून घेते. मग मला कुणी विचारणार नाही.”

मी मुलीला कळवलं. ती म्हणाली, “आई येईल. बोलेल का ते माहीत नाही.”

आई आली, खाडा करून. ठेवणीतली साडी, केसांना तेल. तिघी केबिनमध्ये गेलो. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. प्राचार्यबाईंनी फार मायेने विचारलं, घाई न करता. घरात पाण्याची अडचण आहे का?

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे.

“तसं भागतंय बाई आमचं,” ती म्हणाली.

मुलीने मान खाली घातली. प्राचार्यबाईंचं पेन थांबलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानेच मला थांबवलं. मला त्या बाईचा राग येत होता आणि तिचं वाईटही वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिच्याकडे एवढी एकच मूठ होती आणि आम्ही सगळ्या ती उघडायला बसलो होतो. शिकलेल्या, चांगल्या मनाच्या, तिच्या भल्यासाठीच.

ती मुलीकडे बघत राहिली. मग उठून उभी राहिली.

“नाय,” ती म्हणाली. “पानी नाय आमच्या घरात. पोरगी टँकरसाठी घरी ऱ्हाते. ती नाय ऱ्हात, मीच ठेवते तिला.” आणि कुणी विचारलं नव्हतं ते पुढचंही बोलली. “पाव्हणा आला का आमी आमच्या तोंडचं देतो.”

तिचा चेहरा चोरी पकडल्यावर होतो तसा झाला होता. प्राचार्यबाईंनी लिहून घेतलं, तिची सही घेतली. मुलीला परीक्षेला बसायची परवानगी मिळाली, त्याच टेबलावर, तेव्हाच. मुलगी रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि तेवढ्यापुरता माझा सगळा शीण गेला. मुलगी तशीच डोळे पुसत वर्गात पळाली.

आम्ही दोघी सिटी बसच्या थांब्यावर येऊन उभ्या राहिलो. ती माझ्यापासून जरा लांब, रस्त्याकडे तोंड करून. बस यायची चिन्हं नव्हती. न राहवून मी म्हणाले, “बरं झालं ना ताई. पोरगी पास होईल बघा, नर्स होईल.”

ती रस्त्याकडेच बघत म्हणाली, “त्यांनी लिवलं ना?”

“हो.”

“तुमी बी लिवलं?”

“हो, आम्हीपण लिहिलंय. नव्या तक्त्यात.”

“मंग आता परत नका विचारू.”

ती हे रागाने म्हणाली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, माझ्याच आवाजासारख्या.

“नाही विचारणार,” मी म्हणाले. पुढच्या फेरीसाठी खात्याला सगळी माहिती नव्याने लागणार होती, प्रत्येक घराची, तिच्याही, आणि त्या भागात दारोदार विचारायचं काम माझ्याकडेच होतं.