फायनलला मला आजऱ्याला धाडतात

मॅच दीड तासाची असते आणि तिच्यावरचं बोलणं दीड वर्ष चालतं. पंचावन्न वर्षं एकाच स्टेडियमच्या एकाच पायरीवर बसलं की माणसाच्या बुडाला घट्टे पडतात आणि डोक्यात किस्से साठतात. घट्टे चारचौघांत दाखवता येत नाहीत, म्हणून किस्से सांगतो.

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. पुढचं सगळं उद्यमनगरात लेथवर आणि मैदानाच्या कडेला शिकलो. त्यामुळे भाषा अशीच आहे. पटली नाही तर पान उलटा.

आमची टीम म्हणजे कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली कंदील तालीम. नावाला तालीम, खेळ फुटबॉलचा. निळा-पांढरा शर्ट. 'तुम्ही हीच टीम का निवडली?' असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. निवडली कुठली? त्या गल्लीत जन्मलो, विषय संपला. चार गल्ल्या सोडून पलीकडं बुरुज तालीम आहे, तांबड्या शर्टाची. त्यांचंही तसंच. त्या गल्लीत जन्मले बिचारे. त्यांची काही चूक नाही, पण माफीही नाही.

*

माझी लेक आजऱ्याला दिली आहे. जावयाचा काजूचा कारखाना आहे. माणूस चांगला, काजूही चांगले. खोट एकच. टीव्हीवर परदेशातला फुटबॉल बघतो, आणि तोही त्यांचा शर्ट अंगात घालून.

एकदा दिवाळीला गेलो तर हा गडी सोफ्यावर डोकं धरून बसलेला. मला वाटलं, कारखान्यात काहीतरी झालं.

"काय झालं वो जावईबापू?"

"हरलो, मामा."

"कुणाबरोबर?"

त्यानं दोन नावं सांगितली. एकही तोंडात बसेना.

"कुठं आली ही गावं?"

"इंग्लंडात."

"तुम्ही गेलतासा कवा?"

"न्हाय."

"त्यातला एखादा गडी तुमचं काजू न्यायला आलता?"

"न्हाय, मामा."

"मग उठा, हात धुवा. जेवायला वाढलंय."

तो उठला. पण लेक माझ्याच पोटची. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "नाना, कंदील हरली की तुम्ही दोन दिवस जेवत न्हाईसा. तवा आई म्हणती का, उठा आणि हात धुवा?"

मी दुसरी भाकरी मागितली.

*

दस्तगीर हा माझा लहानपणापासूनचा मित्र. टेलर आहे. आमच्या टीमचे शर्ट चाळीस वर्षं त्यानंच शिवले. आता शर्ट तयार मिळतात, पोहायला जाताना घालतात तसे चकचकीत. असो.

एका वर्षी आमच्यात दोन फॉरवर्ड होते, सख्खे चुलतभाऊ. एक सकाळी दुकानात आला, "दस्तगीर, नऊ नंबर माझा बरं का." दुसरा संध्याकाळी आला, "दस्तगीर, नऊ नंबर माझा." दस्तगीर कुणाला नाही म्हणत नाही. हा त्याचा जुना आजार आहे. त्यानं दोघांनाही नऊ नंबर शिवून दिला.

मॅच सुरू झाली. रेफ्री म्हणजे एका शाळेतले कवायतीचे मास्तर, कडक माणूस. थोरल्यानं एकाला पाडलं, मास्तरांनी वहीत नऊ लिहिला. थोड्या वेळानं धाकट्यानं एकाला पाडलं. मास्तरांनी वही उघडली आणि म्हणाले, "नऊ नंबर, दुसऱ्यांदा. बाहेर."

"मास्तर, मघाचा नऊ मी न्हवं."

"मग कोण?"

धाकट्यानं थोरल्याकडं बोट केलं, थोरल्यानं धाकट्याकडं. मास्तरांनी दोघांना शेजारी उभं केलं आणि दोघांच्या पाठी बघितल्या. म्हणाले, "पाच मिनिटांत मला एकच नऊ दिसला पाहिजे."

दस्तगीर सुईदोरा आणि कातर घेऊन मैदानात पळाला. त्याला बघून गॅलरीनं टाळ्या वाजवल्या. त्यानं धाकट्याच्या पाठीवरचा इंग्रजी नऊ उसवला, उलटा केला आणि उभ्या उभ्याच सहा करून शिवला. मास्तरांनाही हसू आलं. मॅच परत सुरू झाली.

दोन मिनिटांत परत शिट्टी. आमचा सहा नंबरचा बॅक सुरुवातीपासून मैदानात होताच.

*

विलास आमच्या तालमीचा आत्ताचा अध्यक्ष. त्याचे वडील माझ्या पायरीवर माझ्या शेजारी बसायचे. विलास हुशार आहे, पण हुशारी कुठं लावावी हे त्याला कळत नाही.

एका सेमीफायनलला त्यानं कुणाकडून तरी मंतरलेलं लिंबू आणलं आणि सकाळी जाऊन आमच्या गोलपोस्टच्या मागं पुरलं. म्हणे, आता त्या गोलात बॉल जाऊच शकत नाही. आणि खरंच, पहिल्या हाफमध्ये समोरच्यांचा बॉल दोनदा पोस्टाला लागून परत आला. विलास माझ्याकडं बघून मिशीवरून हात फिरवत होता. त्याला मिशी नाही, तरी.

हाफटाइम झाला. दोन्ही टीमनी बाजू बदलल्या. मी म्हटलं, "विलास, आता लिंबू कुणाच्या गोलात हाय रं?"

त्याचं तोंड मी आयुष्यात विसरणार नाही.

दुसऱ्या हाफमध्ये आमचा बॉल त्या लिंबूवाल्या गोलात काही केल्या जाईना. विलास कडेकडेनं पळत त्या गोलपोस्टमागं गेला आणि बसून हातानं माती उपसायला लागला. बंदोबस्ताच्या हवालदारानं मागून त्याची कॉलर धरली.

"काय पुरायलायस रं?"

"पुरत न्हाय साहेब, उकरायलोय."

मॅच संपेपर्यंत त्याला गेटवर बसवून ठेवलं. आम्ही दोन गोलनी हरलो. येताना दस्तगीर एवढंच म्हणाला, "लिंबाला काय कळतंय कोण कुणाचं? ज्याच्या बाजूला बसलं, त्याचं."

*

आता माझ्या दुखण्याचं सांगतो.

माझ्या हयातीत कंदील तालमीनं कप तीनदा जिंकला. पहिल्यांदा जिंकला त्या दिवशी राधानगरीत माझं लग्न होतं. सासऱ्यांनी तारीख धरली तेव्हा त्यांना फायनल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि मला बोलायची हिंमत नव्हती. संध्याकाळी पंगतीत एक गडी मोटारसायकलवरून कोल्हापुरातून बातमी घेऊन आला आणि मी पानावरून उठून नाचलो. बायको आजही म्हणते, "अक्षता पडताना तोंड एवढंसं झालतं. हसलं ते मॅच जिंकल्यावर."

दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं. नर्सबाईंनी हसायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा मेव्हण्याचं तेरावं होतं. तिथंही हसता आलं नाही.

आणि मी पायरीवर बसून बघितलेल्या फायनल पाच. पाचही हरलो.

हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. पण विलासच्या घरी हळदीकुंकवाला गेलेली आमची मंडळी बोलून गेली, "ह्यांनी बघितलेली फायनल कवा जिंकलीय व्हय?" झालं. दुसऱ्या दिवसापासून पेठेतली पोरं मला बघून रस्ता बदलायला लागली.

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. लेकरांची लग्नं बघितली, नातवंडं बघितली, काशी बघितली, तिथं फार गर्दी होती. आपला गडी कप डोक्यावर उचलतोय हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढं एकच राहिलं होतं.

*

यंदा आम्ही फायनलला आलो. आणि समोर कोण, तर बुरुज तालीम.

दोन दिवस आधी विलास घरी आला. बरोबर दस्तगीर. विलासच्या हातात एसटीचं तिकीट.

"नाना, रागावू नका."

"अजून तू काय बोललाच न्हाईस. रागवू कशाला?"

"फायनलच्या दिवशी तुम्ही लेकीकडं आजऱ्याला जाऊन या. सगळ्यांचं म्हणणं हाय."

"तुझ्या बापाच्या मांडीला मांडी लावून ओरडलोय मी त्या पायरीवर."

"म्हणूनच बाबांनी बघितलेली शेवटची फायनल हरलो, नाना."

मी दस्तगीरकडं बघितलं. "तू तरी बोल की."

दस्तगीर फरशीकडं बघत म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. येताना काजू आण."

एवढ्यावर थांबले नाहीत. त्या दिवशी सकाळी विलासनं मला गाडीवरून स्टँडवर नेलं, खिडकीजवळ बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहिला. वर म्हणाला, "दुपारी जावयाला फोन करून इचारतो, पोचलासा का म्हणून." आमच्या घरी लेकीची पाठवणी केली तेव्हा एवढा बंदोबस्त नव्हता.

मी वाटेतच कागलला उतरलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तिकीट आजऱ्याचं हाय."

"तिकीट जाऊ दे आजऱ्याला. मला हितं सोड."

तिथून जावयाला फोन लावला. सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही माझ्या घरात जेवून झोपलाय असं मी विलासरावांना सांगतो. पण एक अट हाय."

"बोला."

"माझ्या इंग्लंडच्या टीमला परत नावं ठेवायची न्हाईत."

लाचार माणसाला काय पण कबूल करावं लागतं.

*

आता उलट्या गाडीनं स्टेडियमवर आलो खरा, पण बसणार कुठं? आमच्या गॅलरीत मला लहान मूलसुद्धा ओळखतं. राहिली समोरची गॅलरी. बुरुजची.

गेटवर तांबडे रुमाल विकत होते. एक घेतला. पंचावन्न वर्षांत मी घरात तांबडा टॉवेल येऊ दिला नाही. तो रुमाल गळ्याला बांधला. टोपी खाली ओढली आणि वरच्या पायरीवर जाऊन बसलो.

शेजारी माझ्याच वयाचा एक धिप्पाड गडी होता, मांडीवर भडंगाची पिशवी. पिशवी माझ्यापुढं केली. "घ्या पावणं. कुठल्या गल्लीतलं तुम्ही?"

"कागलचा हाय," मी म्हटलं. "पण पहिल्यापासनं आपली बुरुजच."

जीभ झडली नाही एवढंच.

"वा," तो म्हणाला. "इतक्या लांबनं आलाय. असं मानूस पायजे."

विसाव्या मिनिटाला बुरुजनं गोल केला. अख्खी गॅलरी उठली. त्या गड्यानं मला कमरेला धरून उचललं आणि नाचवलं. मी नाचलो. समोर आमच्या पायरीवर दस्तगीर डोकं धरून बसलेला मला दिसत होता, आणि मी नाचत होतो.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या पोरांनी बरोबरी केली. माझ्या आजूबाजूला एकदम मयताचं वातावरण झालं. मी रुमालाचं टोक दातांत धरलं. शेजारच्या गड्यानं माझ्याकडं बघितलं आणि पाठीवर हात ठेवला. "दम धरा पावणं. एवढं मनाला लावून घेऊ नका."

शेवटची दोन मिनिटं राहिली. कॉर्नर आमचा. बॉल आला, गर्दीत कुणाचा तरी निळा खांदा वर गेला आणि जाळं हललं. समोरची गॅलरी फुटली. गुलाल इतका उडाला की माणसं दिसेनात. शिट्टी वाजली. मग कप आणला, आणि आमच्या कॅप्टननं तो डोक्यावर उचलला.

मी ते बघितलं. उभं राहून बघितलं. आणि मग मला काही दिसेना झालं. तोंडात तांबडा रुमाल कोंबून मी पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो.

त्या गड्यानं मला छातीशी धरलं. त्याचेही डोळे भरलेले. पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली. आजूबाजूच्या पोरांना म्हणाला, "बघा रं. ह्याला म्हणत्यात पिरेम. कागलनं येऊन मानूस असं रडतंय. तुम्ही मोबाईल बघत बसलाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. विलास. मागं ढोल, ताशे, आरडाओरडा. "नाना, जिंकलो! तुम्ही बसलाय तिथं बसला म्हणून जिंकलो, नाना. दस्तगीरचाचा रडायलाय." मी फोन ठेवला.

"कुणाचा फोन?" त्या गड्यानं विचारलं.

"घरचा."

"काय म्हनत्यात?"

"म्हणत्यात, मी हितं बसलो म्हणून असं झालं."

त्याला एवढा राग आला की भडंगाची पिशवी खाली पडली. "असं कुठं असतंय व्हय? तुमचा काय दोष त्यात? घरच्यांचं अजिबात ऐकू नका पावणं." मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "पुढच्या साली बी हितंच यायचं. माझ्या शेजारी. जागा मी धरून ठेवतो."