फांदी होती त्या जागी

रोज सकाळी साडेसहाला चहा झाला की मी वही घेऊन मागच्या ओट्यावर बसते. पानावर आधी तारीख, मग वेळ, मग समोर दिसलं ते तीन ओळींत. पाच, सात, पाच अक्षरं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यामुळे पहिली ओळ बहुतेकदा इंग्रजीत सुचते. तिला मराठीत आणेपर्यंत चहाचा दुसरा कप गार होतो.

अक्षरं मी बोटांच्या पेरांवर मोजते. गारखेड्यातल्या या घराला लागूनच शेजारणीचं घर आहे. ती मूळची सोयगावची. एकदा भिंतीपलीकडून तिने विचारलं, "काकू, कुणाचा जप करता व रोज?"

"जप नाही गं. कवितेची अक्षरं मोजते."

"मोजून वाढती व्हय ती?"

दोघी हसलो. त्या दिवशी मी आणखी कुणाशी बोलल्याचं आठवत नाही.

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात, म्हणून तुमच्याशी माझं ठरलं होतं. दर रविवारी फोनवर एकेक हायकू वाचायचा, आणि त्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. नियम माझाच. ताई, तुझा पहिला हायकू होता:

बर्फ पडला
डब्यात आहे खिचडी
मला नको

मधल्या ओळीत एक अक्षर जास्त, शेवटच्या ओळीत एक कमी. मी लगेच दाखवून दिलं. तू म्हणालीस, "पण आजी, खिचडी खरंच होती."

मी मात्र सगळ्यात जास्त लिहिलं ते शेजारणीच्या शेवग्यावर. झाड तिचं, पण अर्धं आमच्या ओट्यावर झुकलेलं. गेल्या खेपेला इथे आलात तेव्हा तुम्ही त्याचीच फुलं डब्यांच्या झाकणांत गोळा केली होती. आजोबांचा चेहरा धाकट्याला नीट आठवत नाही, पण ते झाड आठवतं. फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवगा कसाय?"

दिवाळीनंतर शेजारणीने तो तोडला. त्यावर सुरवंट झाले होते. "लेकरांच्या अंगावर गांधी उठायल्या, काकू. काय करू मग?" तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नव्हते. त्या रविवारी धाकट्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मजेत आहे." झाड गेलं असं सांगितलं, तर या घरातलं तुम्हाला विचारण्यासारखं काय उरेल, हीच भीती. मग आठवणीतून लिहीत राहिले. माघात तर हा वाचला:

शेवगा फुले
दाराशी सांडलेला
पांढरा सडा

अक्षरं बिनचूक होती. वर तारीख आणि वेळही घातली होती.

"आजी, फोन फिरव ना," ताई म्हणाली. "फुलं बघू."

"आज नेट नीट नाही गं," म्हणून मी फोन ठेवला. सगळं नीट चालू होतं. संध्याकाळी पुन्हा फोन लावावा असं वाटलं, पण कोणत्या तोंडाने लावणार? जेवण एकटीचंच होतं, तेही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली आणि काहीच लिहिलं नाही. नुसती बसले. तेवढ्यात एक मैना वेगात आली. शेवग्याची आडवी फांदी जिथे असायची, नेमकी तिथे पाय पुढे करून उतरू लागली. हवेत जरा धडपडली आणि मागे वळली. झाड जाऊन तीन महिने झाले होते. मी हे पहिल्यांदा पाहत होते, कारण इतके दिवस माझं लक्ष वहीतच होतं.

पुढच्या रविवारी मी वाचलं:

मैना उतरे
फांदी होती त्या जागी
नुसती हवा

मग फोन फिरवून भिंतीपलीकडचा बुंधा दाखवला आणि कधी तोडला तेही सांगितलं. पडद्यावर तुमचे चेहरे होते तसेच थांबले. मला वाटलं, या खेपेला खरंच नेट गेलं.

"म्हणजे मागचं खोटं होतं?" ताईने विचारलं.

"हो."

"मग मैना आता कुठे बसते?" धाकटा म्हणाला.

उत्तर चटकन सुचलं होतं. 'तारेवर' असं म्हणून मोकळी झाले असते.

"ठाऊक नाही रे," मी म्हटलं. "बघून सांगते."