एक्स-तीन-डी

आमच्या घरात तंजावुरी वळणाची मराठी बोलतात आणि तमिळ अक्षरांत लिहितात. वाणसामानाची यादी, फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी, नातेवाइकांना पाठवायचा निरोप, भाषा मराठी आणि लिपी तमिळ. तंजावुरात अशी घरं बरीच आहेत. देवनागरी मी चाळिशीनंतर हट्टाने शिकले म्हणून आज हे असं लिहू शकते, पण घाईत पेन हातात घेतलं की तमिळ अक्षरंच उमटतात. तमिळमध्ये ट आणि ड यांना एकच अक्षर आहे, त आणि द यांनाही एकच. आम्हाला सवय असते, आम्ही संदर्भावरून बरोबर वाचतो. आमच्याबाहेरच्या माणसाने वाचलं तर काय होतं ते मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं, तेही एका प्रोसेसरच्या पायी.

मी पापनाशमला शाळेत गणित शिकवते. सकाळच्या पॅसेंजरने जाते, संध्याकाळी परत येते. लग्न केलं नाही. घरात खाली मी राहते, वर थोरला भाऊ आणि वहिनी. भावाला सगळे अण्णा म्हणतात, मीही. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून अण्णांनी घरातल्या सगळ्या खरेदीचा ताबा घेतला आहे. मिक्सरचं रबर आणायचं असलं तरी ते आधी चार दुकानं फिरून येतात आणि मग आम्हाला काय हवं आहे ते आम्हालाच सांगतात. माणूस प्रेमळ आहे. प्रेमळ माणसाशी भांडायला जास्त ताकद लागते, एवढंच माझं म्हणणं.

माझ्याकडे आजवर जे जे यंत्र आलं ते कोणाचं तरी वापरून झालेलं. सायकल अण्णांची, टेपरेकॉर्डर काकांचा, फोन वहिनीचा, आणि लॅपटॉप भाच्याचा, त्याने नवा घेतल्यावर. त्या लॅपटॉपवर मी दहावीच्या मुलांसाठी गणिताचे पाठ रेकॉर्ड करायला लागले. चित्र, आवाज, फळा, सगळं एकत्र जोडायचं. मुलांना ते आवडतात. हे सगळ्या घराला माहीत होतं, आणि पाहुणे आले की अण्णा ते अभिमानाने सांगतही असत.

घराला माहीत नव्हतं ते हे, की त्याच लॅपटॉपवर मी खेळत होते. शहर वसवायचा खेळ. मोकळी जमीन मिळते, तिथे रस्ते काढायचे, पाणी आणायचं, गटारं, शाळा, बसचे मार्ग. माणसं राहायला येतात, कामाला जातात, वाहतूक तुंबली की चिडतात. मी नदीकाठी शहर वसवलं होतं आणि त्यात मला विलक्षण आनंद मिळत होता. उगाच नम्रतेने बोलत नाही, माझी बसव्यवस्था तंजावुरातल्या बसव्यवस्थेपेक्षा चांगली होती. पण शहर वाढलं तशी गंमत संपली. प्रत्येक माणसाने कुठून कुठे जायचं याचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो, आणि त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला तो झेपेना. बस चौकात उभी राहायची ती राहायचीच. शेवटी तर खेळ उघडला की स्क्रीन गोठून जायचा. माझं शहर आत होतं आणि मला आत जाता येत नव्हतं. मला खरंच रडू आलं होतं. छप्पन्न वर्षांच्या बाईला याचं रडू यावं का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी तो स्वतःजवळ ठेवावा.

तेव्हा ठरवलं, या वेळी कोणाचं जुनं घ्यायचं नाही. सुटे भाग आणून आपला कॉम्प्युटर आपण जोडायचा. पण घरात सांगताना माझी जीभ अडली. मी म्हणाले, पाठांच्या व्हिडिओंसाठी हवाय. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. सगळे लगेच खूश झाले. बाईने कामासाठी वस्तू घेतली तर कोणाची हरकत नसते.

दोन महिने मी प्रोसेसरचा अभ्यास केला. तमिळ व्हिडिओ पाहिले, शाळेच्या वहीत तक्ते काढले. शेवटी एकाच कंपनीचे, एकाच बोर्डावर बसणारे दोन उरले. दोघांचे आकडे सारखे, फरक फक्त शेपटीत. एक एक्स-टी. तो जरा वेगाने धावतो, व्हिडिओच्या कामाला उत्तम. दुसरा एक्स-थ्री-डी. धावायला किंचित मंद, पण त्याच्या अंगावरच जास्तीच्या मेमरीचा एक थर चढवलेला. मिसळणाचा डबा ओट्यावर असणं आणि प्रत्येक चिमटीला कोठीच्या खोलीत जाऊन येणं, यात जो फरक तोच. लाखभर माणसांच्या शहराला हा थर हवा. पाठांना त्याचा काही उपयोग नाही. मी तीन वेळा तक्ता तपासला आणि थ्री-डी निवडला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू मी फक्त आवडीसाठी निवडली होती.

बाकीचे भाग घरी आले होते, प्रोसेसर तेवढा राहिला होता. शुक्रवारी सकाळी स्टेशनला निघताना मी घाईत चिठ्ठी लिहिली आणि उशीजवळ ठेवली, शनिवारी स्वतः दुकानात जायचं म्हणून. संध्याकाळी परतले तर अण्णा प्रोसेसरचा डबा घेऊन दारात उभे.

"तुज चिट्टी दिसली. म्हटलं, आपणच घेऊन येऊं. तिथं सगळी कॉलेजची मुलं, तुज बोलणं कोण ऐकणार?"

मी डब्यावरचं नाव वाचलं. एक्स-टी.

झालं होतं ते असं. मराठी मनाने मी थ्रीचं तीन केलं होतं आणि आकड्यापुढे तमिळ अक्षरांत लिहिलं होतं, एक्स तीन डी. अण्णांनी चष्मा नेला नव्हता, त्यांनी चिठ्ठी तशीच दुकानदाराच्या हातात दिली. दुकानदार तमिळ. त्याच्या लेखी तीन हा आकडाच नाही. तमिळमध्ये तीनी म्हणजे गुरांचा चारा, नाहीतर माणसाचं अरबट-चरबट खाणं. आणि शेवटचा डी त्याला टी वाचायला कोणाची बंदी नव्हती. मधलं खाणं त्याने सोडून दिलं, पुढचा एक्स आणि मागचा टी जोडला आणि डबा बांधला. कुठल्याही तमिळ माणसाने थ्रीचं तीन केलं नसतं आणि कुठल्याही पुण्याच्या माणसाने तमिळ अक्षरांत लिहिलं नसतं. ही चूक फक्त आमचीच.

मी म्हणाले, "अण्णा, हा नव्हे. बदलून आणायला हवा."

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. बराच वेळ बोलले आणि प्रसन्न चेहऱ्याने माझ्याकडे वळले. "तो म्हणतो, व्हिडिओला हाच चांगला. तो दुसरा गेम खेळणाऱ्यांचा. देवानंच बरोबर दिला बघ. तुला तो कशाला? नाकापेक्षा मोती जड."

वहिनी म्हणाली, बरंच झालं की. खरं उत्तर मीच दोन महिन्यांपूर्वी गिळून टाकलं होतं. पाठांसाठी म्हटलं होतं ना? मग पाठांसाठी उत्तम तो समोर आहे. गप्प बसले असते तर विषय तिथेच मिटला असता. डबा फोडला की दुकानदार परत घेत नाही, आणि अण्णा कात्री शोधायला लागले होते.

मी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शनिवारी साडेनऊला मी चपला घातल्या. अण्णा म्हणाले, "राहुकाल आहे, साडेदहानंतर जा." मी म्हटलं, "राहूला सांगा, येतां तर या." मग तेच स्कूटर काढून म्हणाले, बस मागे. मला एकटीला जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नाही.

दुकान जुन्या बसस्टँडजवळच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. आत इंजिनिअरिंगची चार-पाच मुलं काउंटरवर वाकलेली. मी डबा ठेवला आणि चुकीचा आलाय म्हणून सांगितलं. दुकानदाराने कालची चिठ्ठी काढली, मी त्याला तीन म्हणजे काय ते समजावलं, आणि तो मनापासून हसला. म्हणाला, "टीचर, मला वाटलं, येताना खाऊ आणि टी आणायचा म्हणून घरच्यांनी लिहिलंय." मुलं हसली. मीही हसले. मग तो मऊपणे समजावू लागला, जसं मी वर्गातल्या कच्च्या मुलाला समजावते. "पण जे झालं ते चांगलंच झालं, टीचर. तुमच्या कामाला हाच योग्य. थ्री-डी गेमिंगसाठी असतो. तुम्हाला कशाला?"

तिथे माझ्याच शाळेतून गेलेला एखादा असेलही, मी पाहिलं नाही. अण्णा माझ्या शेजारी उभे राहून मान डोलवत होते.

"खेळायला," मी म्हणाले.

"घरात मुलं आहेत का?"

"मुलं नाहीत. मीच खेळते. शहर वसवते. लोक वाढले की तुमचा हा एक्स-टी मला पुरणार नाही. आठ कोर दोघांनाही आहेत, मला फरक पडतो तो कॅशचा, त्या जास्तीच्या मेमरीचा. वही आणलीय, बघायची असली तर."

त्याला वही बघायची नव्हती. एका मुलाने मात्र विचारलं, शहर केवढं आहे? मी सांगितलं. तो नुसतं "अय्यो" म्हणाला आणि त्या एका शब्दात मला जो मान मिळाला तो तीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या निरोपसमारंभांत सुद्धा कधी मिळाला नव्हता. दुकानदाराने डबा परत घेतला, थ्री-डी चेन्नईहून चार दिवसांत मागवतो म्हणाला. नाव मी लिहून दिलं, या वेळी इंग्रजी अक्षरांत.

खाली उतरल्यावर अण्णांनी स्कूटर सुरू केली नाही. किल्ली हातात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता.

"पाठांसाठी म्हणालीस. मज समोर खोटं बोललीस?"

"हो. बोलले."

"मी काय नको म्हणालों असतों?"

"अण्णा, तुमी मला सगळं आणून दिलंत. तुला काय आवडतं म्हणून कधी विचारलंत?"

मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, आणि घेतलाही नाही. मग त्यांनी स्कूटर सुरू केली आणि मी मागे बसले.

प्रोसेसर आला, मी तो बसवला. बोर्डावरच्या त्रिकोणाच्या खुणेशी खूण जुळवून अलगद ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. माझं शहर पुन्हा सुरू झालं आणि चौकातली बस हलली. स्टाफरूममध्ये आता कोणी विचारलं की एवढा मोठा कॉम्प्युटर कशाला घेतला, तर मी खेळायला म्हणून सांगते. पाठांचे व्हिडिओही मी त्याच्यावरच करते. ते मात्र आपणहून कोणाला सांगत नाही.