दोन हातांची विडी

हिंदी मुलखातल्या घमापुरात आमच्या मराठी गल्लीत घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. मीही वळे. चौथी झाल्यावर आईने मला शाळेतून काढून सुपाशी बसवलं. तेव्हापासून दुसरं काम मला माहीत नाही.

तिशी ओलांडली आणि बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटत नसे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, गठिया आहे, सांध्यांचं दुखणं, जन्मभर राहील, गोळ्या घ्या, पाण्यात हात घालू नका. मी विचारलं, "मग पानं कोण भिजवेल?" त्याने पुढच्या बाईला आत बोलावलं.

तेंदूचं पान आदल्या संध्याकाळी भिजवावंच लागतं, नाहीतर वळताना फाटतं. थंडीत त्या पाण्यात हात घातला की कळ खांद्यापर्यंत जाई. तरी भिजवणं आणि कापणं मी रेटून नेई. अडे ते दोऱ्याशी. बारीक दोरा चिमटीत धरावा लागतो आणि माझी चिमूट गेली होती.

नवरा पाटणच्या बाजारात पोती उचले, आठवड्याने घरी येई. आला की दोन दिवस झोपे. घर चाले ते माझ्या विड्यांवर. मुलगी हिंदी शाळेत आठवीत होती.

शेजारीण म्हणाली, "काहून मरून राहिली वं? पोरगी आहे ना घरात. बसव तिले."

"नाही बसवत."

"तिची बोटं काय सोन्याची आहेत?"

"मी बसली तेवढं पुरे."

शेजारीण फाटक्या तोंडाची होती, पण काम करणारी. म्हणाली, "मग माह्येही पानं तूच काप. मी तुह्या विड्या बांधून देईन." तसं सुरू केलं. जमतील तेवढ्या मी बांधी, उरलेल्या ती.

माल सट्टेदाराकडे जाई. तो कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणून बायकांना वाटे आणि तयार विड्या तपासून घेई. आमचे कट्टे, म्हणजे बांधलेली विड्यांची बंडलं, त्याने हातात फिरवली, दोन विड्या काढून बोटांत चोळल्या.

"बाई, ये दो हाथ की बीड़ी है."

खोटं नव्हतं. प्रत्येक बाईचा हात वेगळा असतो. मी दोरा ओढून बांधी, विडी सडपातळ होई. शेजारणीची पोटात फुगे. एका कट्ट्यात दोन्ही दिसत होत्या. त्याने माझ्यासमोर सगळ्या मोडल्या.

"एक नाम पे एक हाथ. हाथ नहीं चलता तो घर बैठो. अगली बार नाम काट दूँगा."

शेजारीण घाबरली. त्याच्या वहीतून तिचंही नाव गेलं असतं. मी तिला पुन्हा विड्या बांधायला दिल्या नाहीत.

मग मी दोरा दातांत धरून बांधायला लागले. गाठ बसे, पण विडी ओली होई. सट्टेदाराने वास घेतला आणि बाजूला थुंकला. "थूक की बीड़ी कौन पिएगा? अब आख़िरी बार लेके आना."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मुलगी शाळेचे कपडे न घालता बाहेर आली आणि माझं सूप ओढून बसली.

"ऊठ," मी म्हटलं.

"अम्मा, चुप रहो न."

"ऊठ म्हटलं ना, शाळेत जा."

ती उठली नाही. मी मारायला हात उचलला. बोटं वळेनात, मनगट दुखलं, हात तसाच खाली घेतला. ती पानावर तंबाखू पसरत होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं. रांगायची तेव्हापासून माझ्यासमोर बसून बघितलं होतं, तेवढंच. संध्याकाळी कट्टे बांधले तेव्हा मी एकेक विडी बघितली. ओढून बांधलेली, सडपातळ. पहिल्या पाच-सात मी फेकल्या. बाकीच्यांत काढायला काही सापडलं नाही.

माल घेऊन मीच गेले. सट्टेदाराने कट्टे फिरवले, विड्यांची तोंडं दाबून बघितली, चोळायला दोन विड्या काढल्या आणि परत ठेवल्या. एकही मोडली नाही.

"हाथ ठीक हो गया, बाई?"

माझे हात पदराखाली होते.

"हो गया," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवसाची पानं घेतली.