आवाज कुठे जात होता

धाकटा भाऊ वारंगा फाट्याजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सिद्धेश्वरला मायकडे राहायला गेले. मी हिंगोलीत शाळेत शिकवते. वडील आधीच गेलेले, भाऊ मायसोबतच राहायचा, त्यामुळे धरणाजवळच्या त्या दोन खोल्यांत आता माय एकटीच.

भावाचं फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या सामानात हातात धरून गेम खेळायचं एक यंत्र सापडलं. कुणाचं तरी जुनं घेऊन त्यानं त्यात लिनक्स ही संगणकाची प्रणाली टाकली होती. खेळताना तो पडद्यावरचा खेळ रेकॉर्ड करायचा, आणि माइक चालू असल्यामुळे त्याचं बोलणंही त्यात यायचं. अशी एक फाईल मला दिसली. त्याचा आवाज ऐकावा म्हणून ती लावली, तर काहीच ऐकू येईना. यंत्राचा स्पीकर गेलेला, वायर घालायची जागा तुटलेली. म्हणून मी औंढ्याहून बिनवायरचा हेडफोन आणला.

हेडफोन जोडला. पडद्यावर ‘जोडलेला आहे’ असं आलं. फाईल सुरू केली, वेळेचा आकडा पुढे सरकू लागला, पण कानात शुकशुकाट. हेडफोनची जोडणी काढून तो पुन्हा जोडला. यंत्र बंद करून सुरू केलं. इंटरनेटवर वाचून पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड टाईप केल्या, आवाजाची सेवा नव्याने चालू केली. प्रत्येक वेळी तीच फाईल सुरुवातीपासून लावायची, थोडी वाट पाहायची आणि थांबवायची. फाईल दुसरीकडे काढून घेता आली असती, पण मला ती त्याच्याच यंत्रातून ऐकायची होती.

हे सगळं मी दुपारी बाहेरच्या खोलीत बसून करायचे. माय तेव्हा आतल्या खोलीत दार लोटून पडलेली असायची.

त्याच दिवसांत मायचं वागणं बदललं. संध्याकाळी ती एक ताट वाढून झाकून ठेवू लागली. मी दाराला कडी लावायला गेले तर म्हणाली, “राहू दे उघडं.” बोलताना मध्येच थांबून कान द्यायची. मला वाटलं, एकटेपणानं होत असेल. पण तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, घाई होती. त्याचीच मला भीती वाटू लागली.

शेवटी मी विचारलं, “माय, हे ताट कोणासाठी?”

ती हळूच म्हणाली, “तुला खरं न्हाई वाटायचं. तो बोलून राहिला माझ्यासंगं.”

“काय बोलतो?”

“रोज एकच. ‘आलोच माय, थांब जराशी.’”

“कुठं ऐकू येतं तुला?”

तिनं उशीखालून त्याचा जुना बिनवायरचा हेडफोन काढला, तो सुरूच होता. कानावरच्या गाद्यांना अजून त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. त्या वासासाठी ती दुपारी तो कानावर चढवून पडायची. भाऊ तो नेहमी चार्जिंगला लावायचा, म्हणून तीही लावत होती.

मी यंत्र घेतलं आणि आवाज कुठे पाठवायचा ते ठरवायचं सेटिंगचं पान प्रथमच उघडलं. तिथे दोन हेडफोन दिसत होते. माझा जोडलेला होता, पण आवाज दुसऱ्याकडे जात होता. माय त्याचा हेडफोन सुरू करायची, तेव्हा यंत्र जुन्या ओळखीनं त्याला जाऊन मिळायचं. मी इकडे तपासत होते आणि भिंतीपलीकडे माय त्याचं उत्तर ऐकत होती.

तिला सांगावं की नाही, कळेना. पण झाकलेलं ताट समोर होतं. मी सगळं सांगितलं.

ती रडली नाही. “म्हंजे हे जुनं हाय?”

“व्हय माय.”

“मंग आलोच म्हणल्यावर पुढं काय हाय त्यात?”

पुढचं कुणीच ऐकलं नव्हतं. मी दरवेळी तिथेच थांबवत होते. तिनं हेडफोन कानावर चढवला आणि मला मान हलवून खूण केली. मी फाईल लावली, थांबवली नाही. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. बराच वेळ ती हलली नाही. मग ओठ हलले.

“मी परत हाक मारून राहिले… लांबून येऊन राहिला माझा आवाज.” थोड्या वेळानं, “उठला. खुर्ची सरकली.” आणि मग, “भांडे वाजले. बसला वाटते जेवायला.”

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “आता बंद कर,” म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं दोनच ताटं वाढली आणि कडी स्वतः लावली. मी मात्र वाऱ्यानं दार हललं की बघायचे.

सुट्टी संपताना तिनं यंत्र माझ्या पिशवीत टाकलं, हेडफोन स्वतःकडे ठेवला. हिंगोलीला त्या जुन्या हेडफोनची जोडणी काढायची गरजच पडली नाही. तो जवळ नसल्यामुळे आवाज सरळ माझ्या कानात आला. ती फाईल मी एकदाच ऐकली. उत्तर, हाक, खुर्ची, सगळं माय म्हणाली तसंच होतं. फक्त त्याआधी तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. ते तिनं मला सांगितलं नव्हतं.