धोतर नाई, टावेल

बारावी पास होऊन मी बेल्याजवळच्या आमच्या गावात परतले, तेव्हा माझी पक्की समजूत होती की माझ्याइतकं शुद्ध मराठी पैनगंगेच्या अलीकडं कोणी लिहीत नाही. नव्वदीची सुरुवात होती. गावात बायांचा साक्षरता वर्ग निघाला आणि तो माझ्या गळ्यात पडला. मुळाक्षरं शिकलेल्या बायांसाठी पारासमोरच्या फळ्यावर रोज काहीतरी नवं लिहायचं होतं. पहिल्याच दिवशी मी ठोकून दिलं, 'परिसर स्वच्छतेविषयी जागरूकता बाळगणे अत्यावश्यक आहे.'

शेजारच्या काकूचं बोट 'स्वच्छते'पाशी जे अडकलं, ते हलेचना.

"बाप्पा! शिव्या देऊन राह्यली काय वं आमाले?" काकू उखडली. "मी नाई येत उद्यापासून. त्यापरीस कापूस येचलेला बरा."

काकूनं वर्ग सोडून चालणार नव्हतं. तिची एकुलती लेक नार्नूरकडं दिली होती. लेकीची पत्रं काकूला मीच वाचून दाखवायचे. दर पत्रात एकच ओळ, 'सगळे मजेत आहेत.' काकू म्हणायची, "लेक तुह्या डोयासाठी लिवते वं. मनातलं कशी लिवन? म्हून तं शिकाले आली मी."

तरी मला रागच आला. एवढं सुंदर वाक्य, आणि ह्यांना शिव्या वाटतात! दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तर सगळ्या बाया हसून लोटपोट. सरपंचाचं वाळत घातलेलं काहीतरी काकूच्या बकरीनं चघळलं होतं. माझ्या फळ्याकडं ढुंकून न बघणाऱ्या बाया ती गोष्ट तीन-तीनदा सांगत होत्या. थांबा म्हटलं, दाखवते! खुन्नसनंच लिहिलं, 'काकूच्या बकरीनं सरपंचाचं धोतर खाल्लं.'

ही गर्दी! कोणीतरी काकूला ओढून आणलं. "का-कू-च्या... ब-क-री... अवो, माहीच बकरी!" 'खाल्लं'शी थोडी झटापट झाली, पण शेवटपर्यंत पोचली. मग भडकली.

"खोटारडे! धोतर नाई, टावेल होता! तोई फाटका!"

पदरानं 'धोतर' पुसलं, माझ्या हातातला खडू हिसकला आणि लिहिलं, 'टावल'. मात्रा गळली होती, 'सरपंचाचं'चं 'सरपंचाचा' करायचं राहून गेलं होतं. माझा हात शिवशिवला, पण मी तो मागं घेतला. काकूनं चारचौघांत लिहिलेला तो पहिला शब्द होता.

त्या दिवसापासून 'अत्यावश्यक' बंद. लिहून झालं की मनात विचारायचे, यावर काकू भांडेल का? नसेल भांडत तर सरळ पुसून टाकायचे.

पुढं काकूनं स्वतःच्या हातानं लेकीला कार्ड टाकलं, 'आता मीच वाचीन. मनातलं लिव.' काही दिवसांनी उत्तराचं निळं पत्र आलं. सवयीनं मी ओसरीवर जाऊन हात पुढं केला. काकूनं माझ्याकडं पाठ केली, बकरीशेजारी बसली आणि ओळीवरून बोट फिरवू लागली. किती वेळ! मधेच तिनं पदर डोळ्यांना लावला.

मला राहवेना. "काय लिहिलंय वं काकू?"

"सगळे मजेत हायेत," काकू म्हणाली आणि पत्र चोळीत खोचलं.